बॉनेटला हात

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी माझ्याकडे बघण्याआधी माझ्या स्कूटीच्या इंजिनाला हात लावला. चटका बसल्यावर हात झटकला आणि समाधानानं म्हणाले, "जयसिंगपुरास्नं थेट आलीस. मधी कुठं थांबली न्हाईस." खरं तर वाटेत एका रसवंतीवर मी चांगला अर्धा तास बसले होते आणि दोन ग्लास रस प्याले होते. पण मला खोली हवी होती, आणि एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत खोटं पाडायचं जिवावर आलं. "हो," म्हटलं, आणि आमच्या ओळखीची सुरुवात माझ्या थापेनं झाली.

"काम काय करतीस?"

"न्यूज पोर्टलमध्ये आहे. बातम्या लिहिते."

त्यांनी आत चहा टाकणाऱ्या काकूंना हाक मारली. "आगं, ऐकलंस काय? न बघता बोलायचं काम करती ही."

"तुमी गप बसा," काकू आतून म्हणाल्या. "पोरी, त्यांच्याकडं ध्यान दिऊ नको. साखर किती घालू?"

खोली मिळाली. अट एकच होती. या घरात जे सांगायचं ते बघून सांगायचं. नळ उघडून बघितल्याशिवाय 'पाणी आलं' म्हणायचं नाही. 'दूधवाला येऊन गेला' म्हणायचं तर पातेल्यात दूध दाखवायचं. पहिल्या महिन्यात मी एकदा जिन्यावरून "काकू, लाइट गेली" असं ओरडले, तर काका खालून ओरडले, "तुझी गेली का पेठंची गेली?" गल्लीत जाऊन बघून येईपर्यंत लाइट आली. त्यांच्या दृष्टीनं ती गेलीच नव्हती.

मंगळवार पेठेत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. सगळे 'कंट्रोलर' म्हणत. सारी नोकरी त्यांनी बसस्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे माईकवरून सांगायचं काम. इतर कंट्रोलर केबिनमध्ये बसून, कागद बघून सांगत. हे गृहस्थ केबिनमधून बाहेर पडायचे, फलाटापर्यंत चालत जायचे, गाडीच्या बॉनेटला हात लावायचे, परत यायचे आणि मग बोलायचे. त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "गरम असलं तर आत्ता आली, डायवर चा पिऊन येतोय. कोमट असलं तर कंडक्टर सापडंना झालाय. गार असलं तर मात्र तिचं काय खरं न्हाय." बरोबरीचे लोक हसत. यांच्या चपला मात्र दर दोन महिन्यांनी झिजत.

"एवढं कशासाठी, काका?" मी एकदा विचारलं.

"आगं, एकदा का माईकवर बोललं की माणसं धावत्यात. पोरं काखंत मारून, बोचकी डोस्क्यावर घिऊन धावत्यात. आनि तिथं गाडीच नसली म्हंजे?"

तर असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला आणि त्याच्यासमोर चोवीस तास बातम्यांची वाहिनी चालू झाली. पुढचं काय सांगायचं?

रोज संध्याकाळी सात वाजता कंट्रोलर टीव्ही लावत, पण आवाज पूर्ण बंद. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिलेला माईक आणि छोटा स्पीकर त्यांनी खिडकीत मांडलेला होता. खाली कट्ट्यावर काकू आणि गल्लीतल्या बायका मेथी निवडत बसत. पडद्याखालची पट्टी वाचून कंट्रोलर त्यांना बातम्या सांगत. घरात ते अस्सल कोल्हापुरी बोलत, पण माईक तोंडाशी आला की भाषा एकदम सरकारी इस्त्रीची.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. एका अभिनेत्रीचा घटस्फोट होणार असल्याचे सांगण्यात येते. सांगणारा तिच्या शेजारी राहत नाही. गाडी अद्याप दिसलेली नाही. प्रवाशांनी सामान उचलू नये."

मेथी निवडणाऱ्या एखादीला राहवत नसे. "कंट्रोलर, पर त्याचं दुसरीबरबर हाय म्हंत्यात!"

"दुसरी गाडीही दिसलेली नाही," स्पीकरमधून उत्तर येई.

यावरून ते फार तटस्थ होते असं कुणी समजू नये. नीतीच्या बाबतीत ते भलतेच कडक, आणि तेवढेच सोयीस्कर होते. अंगाला फवारा मारणाऱ्या एका तरुणाच्या मागं चार मुली लागतात अशी एक जाहिरात त्या काळात सारखी लागायची. ती लागली की कंट्रोलर तोंड भिंतीकडे करून बसत आणि थोड्या वेळानं विचारत, "गेल्या काय त्या?" काकू मुद्दाम म्हणत, "न्हाय अजून, पाचवी आलीया." बिचारे जाहिरात संपून शेअरबाजार सुरू झाला तरी भिंतीकडे बघत बसत. शनिवार-रविवारच्या नाचाच्या स्पर्धेला मात्र त्यांची मान भिंतीकडे वळलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणायचे, "परीक्षक कसं निकाल देत्यात ते बघतोय." परीक्षक पडद्यावर नसतानाही ते डोळे मोठे करून निकाल बघत असत.

एकदा तालमीच्या पोरांनी एका सिनेमावर मोर्चा काढायचं ठरवलं. आपल्या संस्कृतीला त्यात धक्का आहे, असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. पोरं कपाळाला टिळे लावून, घोषणा पाठ करून कट्ट्यावर जमली. कंट्रोलर खिडकीतून म्हणाले, "धक्का कुठं हाय? इंटरवलच्या आदी का नंतर?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सिनेमा कुणीच बघितला नव्हता.

"हात न लावता गाडी सोडताय व्हय?" म्हणत ते खाली उतरले, पोरांना घेऊन थेट थिएटरवर गेले आणि अख्ख्या मोर्चाला तिकिटं काढायला लावली. मीही बातमी मिळेल म्हणून मागच्या रांगेत बसले. मोर्चा तीन तासांनी बाहेर आला तेव्हा दोघांचे डोळे सुजलेले होते, घोषणा विसरल्या होत्या, आणि नायिकेनं शेवटी त्या माणसाला माफ करायला नको होतं यावरून पुढाऱ्याची आणि खजिनदाराची हमरीतुमरी चालली होती. कंट्रोलरना स्वतःला मात्र सिनेमा अजिबात आवडला नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी माईकवरून त्याचं वस्त्रहरण केलं, पण सुरुवातीला "तिकीट काढून, शेवटपर्यंत बसून" हे शब्द दोनदा उच्चारले.

आमच्या पोर्टलचा खाक्या याच्या बरोबर उलटा होता. आमच्या साहेबांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवलं होतं, 'आधी आपण'. आधी कशाच्या, ते लिहिलेलं नव्हतं.

एका सकाळी कलाकार मंडळींच्या एका ग्रुपवर निरोप आला, की आमच्याच पेठेत, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे एक जुने खलनायक गेले. या माणसानं तरुणपणी पडद्यावर इतक्या लोकांच्या जमिनी बळकावल्या होत्या, की म्हातारपणी भाजी आणायला गेला तरी भाजीवाली पदर सावरायची. मी खोलीतूनच चार मिनिटांत बातमी टाकली. 'मराठी पडद्यावरचा दरारा हरपला.' राहत्या घरी, कुटुंबीयांच्या उपस्थितीत, शांतपणे अखेरचा श्वास घेतला, असंही लिहिलं. यातलं मला काहीएक माहीत नव्हतं. अशा बातमीत ते असतंच, म्हणून लिहिलं. साहेबांचा फोन आला, "शाब्बास! आधी आपण!"

मी मान ताठ करून जिना उतरले. कट्ट्यावर बायका माझीच बातमी वाचत होत्या. कंट्रोलर पायरीवर उभे होते.

"हात लावलास?"

"काका, मेलेल्या माणसाला हात लावायला जायचं? आणि सगळ्यांनीच टाकलंय."

"सगळ्यांनी कुणाचं बघून टाकलंय?"

मी मोबाइल बघितला. सगळ्यांनी माझं बघून टाकलं होतं. 'दरारा' प्रत्येकाकडे तसाच्या तसा हरपला होता. कंट्रोलरनी चपला घातल्या, आणि मी त्यांच्या मागून चालायला लागले.

खलनायकांच्या दारात ही गर्दी. लोक हार घेऊन उभे होते. तीच तालमीची पोरं बांबू आणि मडकं घेऊन तयार होती, कारण अशा कामाला आमची पेठ कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाही. दार आतून बंद होतं. कंट्रोलरचा आवाज ओळखून सुनेनं ते जरासं उघडलं आणि आम्हाला आत ओढलं.

आत खलनायक पाटावर बसून दूध-चपाती खात होते. कवळी शेजारी वाटीत होती.

कंट्रोलर खाली बसले, त्यांनी म्हाताऱ्याच्या कपाळावर तळहात ठेवला, मग मनगट धरलं. "गरम हाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

"गरम न्हाय तर काय आसंल?" खलनायक म्हणाले. मग मला न्याहाळून, "तूच व्हय ती? दरारा हरपला. लई झ्याक लिवलंयस पोरी. इतकी वर्सं काम केलं, जित्तेपणी एकानं असं लिवलं न्हाय."

मी पाया पडून माफी मागितली. "आत्ता काढते बातमी," म्हटलं.

"थांब की!" ते उठून खिडकीच्या फटीला डोळा लावत म्हणाले. "तासभर ऱ्हाऊ दे. कोण कोण येतंय बघू दे मला. त्यो हिरो अजून आलेला न्हाय. पंचवीस पिक्चरात मारलंय मला त्यानं. एकदा रडताना बघतो, मग काढ."

माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मला हायसं वाटलं. माणसाचीच हरकत नाही, तर तासभर काय बिघडतंय? साहेबही खूश राहतील. मी कंट्रोलरकडे बघितलं. त्यांनाही खिडकीशी उभ्या त्या म्हाताऱ्याचं हसू येत होतं. एवढ्यात सून घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मामंजी, शाहूवाडीच्या आत्याबाई निघाल्यात. शेजारच्या फोनवरनं नुसत्याच रडल्या आनि फोन ठेवला. आता परत लावला, तर गाडीत बसल्या म्हंत्यात. त्यांच्याजवळ मोबाइल न्हाय."

खलनायकांचा चेहराच उतरला. खिडकी सोडून ते मटकन खाली बसले. "माझ्या आक्काला दमा हाय," ते म्हणाले. "रडत आली तर हितवर पोचायची न्हाय ती."

चार मिनिटांत लिहिलेली माझी ओळ त्या क्षणी कुठल्यातरी घाटातून एका म्हातारीच्या छातीवर बसून येत होती, आणि तिला परत बोलावायची कळ माझ्या मोबाइलमध्ये नव्हती. मला रडू फुटलं. कंट्रोलर म्हणाले, "रडू नको. गाडी काढ तुझी."

बाहेर पडताना ते उंबऱ्यावर थांबले आणि त्यांनी माईकशिवाय, केबिनमधल्या त्या आवाजात सांगितलं, "नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. सदर गाडी रद्द करण्यात आली आहे. गृहस्थ आत दूध-चपाती खात आहेत. मी स्वतः हात लावला आहे. हार आणलेल्यांनी ते देवाला घालावेत. बांबू परत द्यावेत." गर्दीत एकच हशा उठला, आणि कुणीतरी मडकं हळूच पाठीमागं लपवलं.

स्टँडवर केबिनमध्ये बसलेला कंट्रोलर यांच्याच हाताखाली शिकलेला होता. "साहेब, तुमी?" म्हणून तो उठून उभा राहिला. शाहूवाडीची गाडी अजून यायची होती. कंट्रोलर फलाटावर येरझाऱ्या घालत होते. गाडी आत वळली, थांबली, आणि एवढ्या घाईतही या माणसानं पुढं होऊन तिच्या बॉनेटला हात लावला. मग धावत केबिनमध्ये येऊन माईक धरला.

"शाहूवाडीच्या गाडीनं आलेल्या आक्कांनी कृपया लक्ष द्यावे. आपले बंधू सुखरूप आहेत. आत्ताच खाऊन बसले आहेत. मी स्वतः हात लावून आलो आहे. आक्कांनी रडू नये. पुन्हा सांगतो, आक्कांनी रडू नये."

स्टँडवर आक्का काय एकच असते होय? चांगल्या सात-आठ बायका जागच्या जागी थबकल्या आणि आपापला भाऊ सुखरूप असल्याचं ऐकून भांबावल्या. त्यांच्यातून एक काटकुळी म्हातारी, पदराचा बोळा तोंडात धरलेली, धापा टाकत केबिनच्या खिडकीशी आली.

"कुणाचा भाऊ?"

"पिक्चरात मार खातोय त्यो."

"त्योच माझा." तिनं खिडकीची कड धरली. "काय खाल्लं म्हनालासा?"

"दूध-चपाती."

"मुडद्याला दूध सोसत न्हाय, किती येळा सांगितलंया!" असं म्हणून म्हातारी तिथंच फरशीवर बसली आणि मग मात्र पोटभर रडली. मी पाणी आणून दिलं. दोन घोट पिऊन ती आपल्या हातांकडं बघायला लागली.

"आता गं बया! मयताला निघाले म्हनून कायबी घेतलं न्हाय. जित्त्या भावाच्या दारात मोकळ्या हातानं जाऊ व्हय? कुनी सांगितलं मेला म्हनून?"

कंट्रोलरनी जराही दयामाया न दाखवता माझ्याकडं बोट केलं.

आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "चल, पेढं आन. आनि भडंग आन, त्याला आवडतंय." कवळीवाल्या माणसाला भडंग कसं चावणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पेढे-भडंगाच्या पिशवीसकट त्यांना रिक्षात बसवून आम्ही फलाटावरच्या बाकावर टेकलो. कंट्रोलरनी चपला काढून पाय लांब केले. मग त्यांनी सांगितलं, की नोकरीच्या सुरुवातीला ते इतरांसारखेच केबिनमध्ये बसून बोलत. एकदा फोनवर ऐकलं आणि आजऱ्याची शेवटची गाडी रद्द झाली म्हणून सांगून टाकलं. लोक घरी गेले. गाडी आली, आणि रिकामीच निघून गेली. त्या लोकांत एक बाई होती, तिची आई आजऱ्यात अत्यवस्थ होती. ती दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर आई गेली होती.

"परत येताना माझ्या खिडकीशी आलती. म्हटलं आता शिव्या देती. तर नुसतं म्हनाली, 'दादा, तुमी बघितलं न्हवतं?'" एवढं सांगून ते समोरच्या रिकाम्या फलाटाकडं बघत राहिले.

काहीतरी आपलंही कबूल करावं असं वाटलं, म्हणून मी पहिल्या दिवशीची रसवंती सांगून टाकली. त्यांना फार मोठा धक्का बसला. "अर्धा तास थांबलतीस? आनि तरी इतकं गरम?" पुढचे दोन दिवस ते माझी स्कूटी चालू-बंद करून हात लावत होते.

पोर्टलवर मी लिहिलं, 'आमची चूक झाली. आम्ही बघितलं नव्हतं.' साहेबांना त्याऐवजी 'मृत्यूला चकवा' असं हवं होतं. मी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी मला हवामानावर बसवलं. तिथं मी सुखी झाले. निदान खिडकीतून बघता यायचं.

पुढं मी ती खोली सोडली, पण येणं-जाणं राहिलं. कंट्रोलर थकले, अंथरुणाला खिळले. गेल्या वर्षी एका दुपारी गल्लीच्या ग्रुपवर आलं, 'कंट्रोलर गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग. साहेब मागून म्हणाले, "तुझे घरमालक ना? टाक, आधी आपण."

मी स्कूटी काढली. दार लोटलेलं होतं. काकू औषध आणायला गेल्या होत्या, आणि कंट्रोलर डोळे मिटून पडले होते. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

एक डोळा उघडला. "कसं हाय?"

"कोमट," मी हसत-रडत म्हटलं.

"मग बरोबर हाय. कंडक्टर सापडंना झालाय." आणि डोळा मिटला.

तीन आठवड्यांनी सकाळी काकूंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, ये. हात लाव."

मी गेले. हात लावला. बराच वेळ ठेवला. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग मी बातमी लिहिली, दोन ओळींची. गल्लीच्या ग्रुपवर कुणाचाच विश्वास बसेना. 'परत?' असं एकानं विचारलं. 'श्रद्धांजली मागच्या महिन्यात वाहिली आहे,' असं दुसऱ्यानं कळवलं. इतक्यात त्या म्हाताऱ्या खलनायकांचा फोन आला.

"पोरी, खरं हाय? बघितलंस तू?"

"बघितलं. हात लावला."

"मग आक्काला कळवतो," ते म्हणाले.

आक्कांना उतरवून घ्यायला मी स्टँडवर गेले होते. त्या दुपारच्या गाडीनं आल्या, मोकळ्या हातानं.